भांडणाचे शब्द आणि निवाड्याची रीत

इंदूर-ग्वाल्हेरच्या कोर्टकचेरीत ‘राजीनामा हो गया’ असे कानावर आले की समजावे, भांडण मिटले; दोन्ही पक्षांनी तडजोडीच्या कागदावर सह्या केल्या. तोच शब्द आपल्या मंडळाच्या सभेत कुणी उच्चारला, तर भांडण आता कुठे रंगात आले असे समजावे. हिंदीतला राजीनामा म्हणजे समेट आणि मराठीतला राजीनामा म्हणजे इस्तीफा. माळव्यातले आपण लोक दिवसभर दोन्ही भाषा बोलतो आणि दोन्ही अर्थ बिनदिक्कत वापरतो. बेळगावकडची मंडळी सांगतील की कानडीत ‘राजीनामे’ म्हणजे पद सोडणे, पण नुसते ‘राजी’ म्हटले तर तडजोड. हैदराबादेत तेलुगूचेही तसेच. बडोद्याला गुजरातीतले ‘राजीनामुं’ मात्र पूर्णपणे मराठीच्या बाजूचे आहे.

या एका शब्दावर थोडे थांबावे असे आम्हाला वाटले, कारण येत्या वार्षिक साधारण सभेत एक वादाचा विषय आहे (त्याकडे पुढे येऊच) आणि मागच्या दोन सभांचा अनुभव सर्वांच्या लक्षात आहे.

‘राजी’ म्हणजे कबूल, तयार. ‘नामा’ म्हणजे लेख. राजी असल्याचा लेख तो राजीनामा. मराठेशाहीत वतनाचा, पाटीलकीचा, शेताच्या शिवेचा तंटा उभा राहिला आणि तो पंचायतीपुढे किंवा गोतसभेपुढे आला की पहिल्यांदा वादी आणि प्रतिवादी दोघांकडून हा कागद लिहून घेत. मजकूर साधारण असा की, हे पंच आम्हाला मान्य आहेत आणि ते जो निवाडा करतील तो आम्ही मानू. त्याच्या जोडीला जामीन घेत. म्हणजे कोण खरा, कोण खोटा हे ठरायच्या आधी, एक अक्षरही वाद घालायच्या आधी, दोन्ही बाजू एका गोष्टीवर राजी होत: वाद कुणापुढे आणि कसा चालायचा यावर. गावच्या लोकांवर भरवसा नसेल तर परगावचे थळ मागता येई. थळ म्हणजे निवाड्याची जागा. तेही आधीच ठरे, निकाल विरुद्ध जाऊ लागल्यावर नव्हे.

पुढे इंग्रजी अमलात, मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाच्या कामात, शेतकरी आपल्या ताब्यातली जमीन खुशीने सोडतो असे लिहून देई त्याला राजीनामा म्हणू लागले आणि घेणारा कबुलायत लिहून देई. मग जमीन सोडण्याचा शब्द नोकरी सोडण्याला लागला, नोकरीवरून पदाला. खुशी कागदावर राहिली. आज राजीनामा देणारा खुशीत आहे असे क्वचितच दिसते.

राजीनाम्यानंतरच्या पायऱ्याही पाहण्यासारख्या आहेत. प्रत्येक पक्ष आपली हकीकत पहिल्यापासून सांगे. तिला करीना म्हणत. आजा कोण, वतन कुणाकडून आले, भाऊबंदकी कधी सुरू झाली, सगळे त्यात येई. पक्षांची जबानी ती तकरीर. मग पंच उलटसुलट प्रश्न विचारीत, ती पुरसीस. (हा शब्द आपल्याकडच्या वकिलांना नवा वाटेल, पण महाराष्ट्र-गुजरातच्या न्यायालयांत ‘पुरसीस’ अजून दाखल होते.) साक्षी होत, जुने कागद तपासले जात. निर्णयाचा लेख ते निवाडपत्र. गोताच्या सभेत झालेल्या निर्णयाच्या कागदाला महजर म्हणत आणि त्यात आधी ‘हाजीर मजालस’ म्हणून बसलेल्या माणसांची नावे येत. कोण कोण समोर होते हे आधी, निर्णय नंतर. ज्यांना लिहिता येत नसे ते निशाणी करीत: पाटलाची निशाणी नांगर, बलुतेदारांची आपापल्या हत्याराची. निकालानंतर जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. म्हणजे पैसे दोघांचेही जात. या तपशिलात आम्हाला थोडी गंमत वाटते.

पण सगळ्यांत विलक्षण कागद शेवटचा. हरलेला पक्ष जिंकलेल्याला स्वतः लिहून देई की, मी खोटा झालो, या गोष्टीचा यापुढे माझा दावा नाही. याला येजितपत्र किंवा येजितखत म्हणत. पंचांनी निर्णय दिला एवढ्याने काम संपत नसे. हरणाऱ्याच्या हाताने, किंवा निदान त्याच्या निशाणीने, हार कागदावर उतरावी लागे. या वस्तूला आजच्या मराठीत शब्दच उरलेला नाही. आपल्या सभांत काय होते ते आठवा. ठराव बहुमताने मंजूर होतो, इतिवृत्तात सूचक-अनुमोदकांची नावे लागतात, ज्यांचे मत पडले ते ‘ठीक आहे, बहुमत आहे तर करा’ म्हणून उठतात आणि खरी सभा त्यानंतर स्कूटर स्टँडपाशी तासभर चालते. त्या सभेला गणपूर्तीची अडचण कधी आल्याचे ऐकिवात नाही.

आपले पूर्वज होळकर-शिंद्यांच्या पाठोपाठ नर्मदा ओलांडून इकडे आले तेव्हा दफ्तराची ही मोडीतली भाषा बरोबर घेऊन आले. त्यातले बरेच शब्द घरात अजून ऐकू येतात, पण त्यांचे काय झाले ते बघा. ‘हुज्जत’ मूळ अरबी. अर्थ पुरावा, सप्रमाण युक्तिवाद. मराठीत हुज्जत घालणे म्हणजे पुराव्यावाचून भांडणे. अर्थ अगदी उलटा झाला. ‘तकरार’ म्हणजे मुळात पुन्हा पुन्हा तेच म्हणणे; हिंदीत ती भांडण झाली, मराठीत तक्रार होऊन अर्जावर बसली. ‘कज्जा’ हा कझियातून आला, आणि तर्कशास्त्रात कझिया म्हणजे विधान, सिद्ध करायची गोष्ट. मराठीत कज्जेदलाल झाले आणि गुजरातीत ‘कजियो’ म्हणजे निव्वळ कटकट. पुराव्याचे, विधानाचे, संमतीचे शब्द होते. आपण ते भांडणाला लावले आणि ज्या कामासाठी ते होते ते काम विसरलो.

ती रीत फार थोर होती, असे मात्र कुणी समजू नये. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला. त्यात पंचायतीचे दोष त्याने मोकळेपणाने नोंदवले आहेत: दिरंगाई, वशिला, निवाडा अमलात आणायला सरकारदरबारी माणूस लागणे. तरीही ती मोडू नये असेच त्याचे मत पडले. पण त्याने लिहिले त्याहून मोठे दोष आपल्याला दिसतात. जातीच्या उतरंडीत खाली असलेल्याच्या शब्दाला किती वजन होते? स्त्रियांच्या वतीने बहुधा दुसरेच कुणी बोलत. साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही तर दिव्य करावे लागे, म्हणजे कढत तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा आणि मग हात भाजला की नाही ते पाहायचे. ‘केवढे दिव्य करावे लागले!’ असे आपण मुलाच्या शाळाप्रवेशाबद्दल म्हणतो ते तिथून आलेले आहे. ते परत यावे अशी आमची मागणी नाही.

आता थोडे मागे जाऊ. वादाचे प्रकार पाडण्याचा उद्योग आपल्याकडे याच्याही फार आधी झाला होता. न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत आणि त्यात वाद, जल्प आणि वितंडा हे तीन वेगळे मोजले आहेत. खरे काय ते कळावे म्हणून दोघे प्रमाण आणि तर्क यांनी बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी छलकपटासह चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच मांडायची नाही, फक्त समोरच्याची पाडायची, ती वितंडा. वितंडवाद हा शब्द आपण आजही वापरतो, पण ‘फार भांडतो’ एवढ्याच अर्थाने. मूळ अर्थ अधिक कामाचा आहे. जो माणूस सभेत दीड तास बोलून ‘मग तुमचे म्हणणे काय?’ या प्रश्नाला उत्तर देत नाही, तो कितीही शांतपणे बोलला असला तरी वितंडा करतो. चरकसंहितेत वैद्यांच्या चर्चेचेही असेच दोन भाग केले आहेत: सलोख्याने चालणारी संधाय संभाषा आणि चढाओढीची विगृह्य संभाषा.

याच न्यायसूत्रांत बावीस निग्रहस्थाने आहेत, म्हणजे जिथे वादी अडकला, हरला असे समजावे अशा जागा. सगळी सांगत बसत नाही, पण तीन आपल्या घरच्या ओळखीची आहेत. विषय सोडून भलतेच बोलणे ते अर्थान्तर. तेच ते पुन्हा सांगणे ते पुनरुक्त. वर पाहिलेल्या अरबी ‘तकरार’चा मूळ अर्थ हाच, आणि इथे तो सरळ पराभव धरला आहे. तिसरे मतानुज्ञा: आपल्यावर आलेला दोष खोडायचा नाही, तर ‘तो तुमच्यातही आहे’ एवढेच म्हणायचे. ‘हिशेब उशिरा का?’ असे विचारले की ‘तुमच्या कार्यकाळात काय झाले होते?’ हे उत्तर येते ना, ते. शास्त्रकारांचे म्हणणे असे की, हे म्हणताना तुम्ही स्वतःवरचा दोष कबूल करून बसलात. नवराबायकोच्या बोलण्यात हे स्थान किती वेळा येते ते ज्याने त्याने मोजावे.

आता सभेपुढचा विषय. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन संपूर्ण मराठीतच व्हावे, की मराठी आणि हिंदी दोन्हींत? एका बाजूचे म्हणणे असे की घरात सुना-जावई हिंदीभाषक आहेत, नातवंडांना मराठी समजते पण मोठे वाक्य सुरू झाले की ती मोबाइल काढतात. दोन वाक्ये हिंदीत सांगितली तर ती बसतील, आणि बसली तर पुढे कानावर मराठीही पडेल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की वर्षाचे ३५५ दिवस सगळीकडे हिंदीच आहे. हे दहा दिवस आणि हे एक सभागृह एवढीच जागा मराठीला उरली आहे, आणि सोय म्हणून शिरलेली भाषा नंतर बाहेर पडत नाही. दोन्ही म्हणण्यांत खरेपणा आहे. हा लेख लिहिणाऱ्या आम्हा तिघांतही दोन मते आहेत. हा विषय किरकोळ नाही. चुकीचा ठरला तर नुकसान कुणाचे होईल हे दोन्ही बाजूंना नीट माहीत आहे, म्हणूनच आवाज चढतो.

मागच्या दोन्ही सभांत हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ या सदरात आला, म्हणजे जेवणाची पाने मांडली जात असताना. बोलणारे तयारीने आले नव्हते, ऐकणारे घाईत होते. एकदा मुद्दा वर्गणीवर गेला, एकदा दिवाळी पहाटेच्या गायकाच्या मानधनावर. अर्थान्तरच की! दोन जुन्या सभासदांनी मराठी अर्थाने राजीनामे दिले. उरलेल्यांत दुसरे मंडळ काढण्याची भाषा सुरू झाली. एका वसाहतीत दोन मंडळे झाली तर दोन्हीकडे खुर्च्या अर्ध्या रिकाम्या राहतील, हे सांगायला न्यायशास्त्र लागत नाही.

म्हणून कार्यकारिणीने या वेळी विषय आधीच घेतला आहे. सूचनापत्रात तो पहिल्या क्रमांकावर आहे, हिशेबाच्याही आधी. दोन्ही बाजूंनी आपापला करीना दोन पानांत लिहून द्यावा असे ठरले: आपल्या घरात मराठी कोण बोलते, कोण समजते, कोण वाचते इथपासून. सभेत प्रत्येक बाजूला पंधरा मिनिटे, नंतर प्रश्न. प्रश्न विचारणाऱ्याने आधी समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत सांगायचे आणि मगच विचारायचे. ज्यांना वेगळे मत नोंदवायचे असेल त्यांची भिन्नमतपत्रिका इतिवृत्ताला जोडली जाईल. निर्णय दोन उत्सवांपुरता राहील, मग पुन्हा सभेपुढे येईल. येजितपत्र कुणाकडून मागायचे नाही, यावर मात्र कार्यकारिणीत एकमत झाले. पण सभेत बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने सुरुवातीला एका कागदावर सही करायची आहे की, ही रीत मला मान्य आहे. त्या कागदाला नाव काय द्यावे यावर बराच खल झाला आणि शेवटी ‘राजीनामा’ हेच नाव पडले. ज्येष्ठांपैकी काही जण दचकतील, म्हणून कागदाच्या माथ्यावर कंसात ‘जुन्या अर्थाने’ असे छापले आहे.

दोन्ही करीने सूचनापत्रासोबत घरोघर पोचतील. हिंदीच्या बाजूने लिहिलेला करीना मराठीत आहे, आणि शुद्धलेखनाची एकही चूक त्यात सापडली नाही.