माघारीची वाट : ब्रह्मदेश १९४२

पुण्याहून आगगाडीने मुंबईकडे निघालेल्या माणसाला तळेगाव मागे पडताच वडगाव लागते. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांची बाजू घेऊन पुण्यावर चालून आली, ती तळेगावपर्यंत पोचली आणि तेथे तिचा धीर सुटला. जड तोफा तळ्यात ढकलून, दाणागोटा पेटवून देऊन ती रातोरात मागे फिरली. मराठ्यांनी तिला वडगावास गाठून चहूंकडून कोंडले. पुढचा तह सर्वांना ठाऊक आहे. शाळेत ही हकीकत आपण आपल्या विजयाची म्हणून वाचतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु तीच मागे फिरलेल्या फौजेच्या बाजूने वाचून पाहावी. सामान आणि सामान ओढणारे हजारो बैल हेच त्या फौजेच्या गळ्यातले लोढणे झाले होते. तरीही ती अंधारात पार विस्कटून गेली नाही, याचे श्रेय हार्टले नावाच्या एका कप्तानाला आहे. त्याने पिछाडी झुंजती ठेवली. जुन्या मराठी फौजेत पिछाडी सांभाळणाऱ्या पथकास चंदावल म्हणत. हा शब्द आता कोशात जाऊन बसला आहे. आज आम्हांला तो पुन्हा वापरावा लागणार आहे.

कारण आज ज्या माघारीविषयी सांगावयाचे आहे, ती सुमारे ९०० मैलांची आणि साडेतीन महिन्यांची होती. १९४२ सालच्या जानेवारीअखेर मोलमीनहून निघालेले सैन्य मेच्या मध्यावर इंफाळच्या वाटेला लागले. त्यात गोरे होते, ब्रह्मी होते; पण मोठा भरणा हिंदी जवानांचा आणि गुरख्यांचा. इंग्रज सैन्याच्या इतिहासात इतकी लांब माघार दुसरी नाही असे सांगतात. लांबी हा काही गुण नव्हे. आमच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. विमाने गेली, बंदर गेले, अर्ध्या शिध्यावर दिवस काढले, आणि तरीही शेवटी जे लोक सरहद्दीवर आले ते पळपुट्यांचा घोळका म्हणून आले नाहीत, पलटणी म्हणून आले. हे कसे झाले?

प्रथम ब्रह्मदेशाचा नकाशा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. मंडाले आपल्याला लोकमान्यांच्या सहा वर्षांच्या कारावासामुळे परिचयाचे आहे, आणि तिथला शेवटचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत १९१६ साली वारला, हेही पुष्कळांना माहीत असते. पण मंडालेला हिंदुस्थानातून माणूस जाई कसा? बोटीने रंगूनला, आणि रंगूनहून आगगाडीने किंवा नदीतून वर. लोकमान्यांनाही असेच नेले. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश यांची सरहद्द शेकडो मैल एकमेकींना लागलेली. पण मोटार जाईल असा एकही धड रस्ता ती ओलांडून जात नव्हता. बोटींचा व्यापार चालला होता, मग डोंगरातून रस्ता कोण कशाला बांधतो! शिवाय देशातल्या मोठ्या नद्या, म्हणजे साल्वीन, सित्तांग, इरावती आणि तिला मिळणारी चिंदविन, सगळ्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणाऱ्या. पूर्वेकडून शत्रू आला आणि पश्चिमेकडे हटायचे झाले, तर या नद्या एकामागून एक ओलांडाव्या लागणार. रंगून बंदर हातचे गेले, की सैन्याच्या पाठीशी घर उरत नव्हते. उरत होता तो डोंगर.

आता जपान्यांच्या युद्धरीतीकडे वळू. ते जंगलात जन्मलेले होते, अशी एक समजूत त्या वेळी पसरली होती. ती भाबडी आहे. जपानात असली अरण्ये नाहीत. त्यांचे पायदळही ही विद्या शिकूनच आले होते. त्यांची युक्ती मूळची साधी. समोरून थोड्या लोकांनी गोळीबार करून शत्रूला गुंतवून ठेवायचे. बाकीच्यांनी पाठीवर चार दिवसांचा तांदूळ आणि हलक्या उखळी तोफा घेऊन रानातून वळसा मारायचा, आणि चारपाच मैल मागे, शत्रूच्या रस्त्यावर जाऊन बसायचे. रस्त्यात झाडे आणि मोडक्या मोटारी आडव्या टाकायच्या, दोन्ही बाजूंस मशीनगन लावायच्या. झाला अडसर तयार. ज्या सैन्याचा दारूगोळा, शिधा, पाणी आणि जखमी सारे मोटारींवर, त्या सैन्याला हा अडसर फोडल्याशिवाय गती नाही. आणि १७ वे हिंदी डिव्हिजन नेमके तसेच होते. त्याची तयारी इराककडच्या वाळवंटासाठी झालेली. पलटणी नव्या, पुष्कळ रंगरूट वर्षादीडवर्षाचे. रानाशी त्यांचा संबंध नव्हता. म्हणून आमचे मत असे की, या सैन्याला जंगलापेक्षा मोटारींनी अधिक घातले. मोटार आपल्याला वाहून नेते असे वाटते. त्या उन्हाळ्यात माणसेच मोटारींना सांभाळीत होती.

सित्तांगची गोष्ट यामुळेच समजून घेण्यासारखी आहे. मोलमीन ३१ जानेवारीस पडले. डिव्हिजनचे सेनापती स्मिथ यांचे म्हणणे होते, की उगाच पुढे अडकून न पडता वेळीच सित्तांगच्या पलीकडे जावे. रंगूनचे वरिष्ठ म्हणत, शक्य तितके पुढेच अडवा. कारण रंगूनला कुमक उतरायची होती. या ओढाताणीत बिलीन नदीवर चार दिवस झुंज झाली, आणि दमलेले डिव्हिजन निघाले तेव्हा जपानी रानातून त्याच्या बरोबरीने पुलाकडे धावत होते. वाट धुळीची, पाणी नाही, वरून विमानांचा मारा. त्यात काही विमाने आपल्याच बाजूची, ओळख चुकल्यामुळे आलेली. पूल एकच, आणि तोही आगगाडीचा. त्यावर फळ्या ठोकून मोटारींची सोय केलेली. २१ फेब्रुवारीच्या रात्री एक लॉरी फळ्यांवरून घसरून अडकली आणि काही तास सगळा ओघ थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी जपानी पुलाच्या पूर्व टोकाशी येऊन ठेपले. पूल त्यांच्या हाती पडला तर रंगून उघडे. २३ तारखेच्या पहाटे साडेपाचला सफरमैनांनी सुरुंग उडवले. त्या वेळी डिव्हिजनच्या तीनपैकी दोन ब्रिगेडी नदीच्या पलीकडच्या काठावर होत्या.

त्या लोकांनी दिवसभर लढून, मग बांबूंचे आणि रिकाम्या पेट्रोलच्या डब्यांचे तराफे बांधून, बूट-बंदुका टाकून नदी पोहून ओलांडली. कित्येकांना पोहता येत नव्हते. पाठोपाठ मोजणी झाली तेव्हा पायदळ भरले सुमारे साडेतीन हजार, आणि त्यांच्यापाशी बंदुका सुमारे चौदाशे. स्मिथ यांना काढून टाकण्यात आले. डिव्हिजन कोवन यांच्याकडे गेले. पूल उडवणे योग्य होते की अयोग्य, यावर पुढे कितीतरी शाई खर्ची पडली आहे. आम्हांला वाटते, त्या पहाटेच्या निर्णयावर फार बोट ठेवण्यात अर्थ नाही. चूक बिलीनवर गेलेल्या चार दिवसांची होती; पहाटे तिचे फक्त व्याज वसूल झाले.

८ मार्चला जपानी रंगुनात शिरले. आदल्या दिवशी बाहेर पडलेले सैन्य, नवे सरसेनापती अलेक्झांडर यांच्यासकट, ताउच्यान येथे अडसरापाशी अडकले होते. तो फोडण्याचे प्रयत्न फसले, आणि दुसऱ्या सकाळी पाहतात तो अडसर नाहीसा! जपानी फौज रंगूनवर पश्चिमेकडून उतरण्यासाठी रस्ता ओलांडत होती. ओलांडून झाल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने हुकुमाबरहुकूम आपली माणसे काढून घेतली. एक अख्खे सैन्य हुकुमाच्या अक्षरामुळे सुटले. दैव म्हणतात ते कधीकधी असे फौजी शिस्तीचे रूप घेऊन येते.

मार्चच्या मध्यास स्लिम आले आणि बर्मा कोअर त्यांच्या हाती गेला. २१ मार्चला मगवे विमानतळावर जपान्यांनी हल्ला केला. त्यानंतर आकाश शत्रूचेच झाले. एप्रिलच्या मध्यास येनांजाउंगच्या तेलविहिरी आपल्याच हाताने पेटवून द्याव्या लागल्या. त्या धुरात १ ले बर्मा डिव्हिजन वेढले गेले. पाण्यावाचून, भर उन्हाळ्यात, तीन दिवस. सुन लि-जेन यांच्या ३८ व्या चिनी डिव्हिजनने मदतीस येऊन लढाई दिली म्हणून ते वाचले, तरी तोफा-मोटारी पुष्कळशा तिथेच राहिल्या. चिन्यांविषयी पुढे इंग्रजी लिखाणात नाके मुरडलेली आढळतात. हा प्रसंग तेव्हा आठवावा.

मंडालेच्या दक्षिणेस चाउक्से येथे ४८ व्या गुरखा ब्रिगेडने जे केले, ते चंदावलाचे उत्तम उदाहरण आहे. काम एवढेच, की बाकीचे सैन्य इरावतीवरच्या आवा पुलावरून पार होईपर्यंत शत्रूला थोपवायचे. २८ एप्रिलच्या चांदण्या रात्री जपानी चालून आले. गुरख्यांनी ते अगदी जवळ येईपर्यंत एकही गोळी झाडली नाही. मग एकदम मारा केला. असे पुन:पुन्हा झाले. दुसऱ्या संध्याकाळी ठरल्या वेळी ब्रिगेड शांतपणे उठली आणि निघाली; तिची हानी बोटांवर मोजण्याइतकी होती. ३० एप्रिलच्या रात्री आवा पूल उडवला, तो सगळे पार झाल्यावर. सित्तांगला जे साधले नाही ते येथे साधले. माणसे तीच, हत्यारे कमी, प्रकृती अधिक खंगलेली. वाढले होते ते एवढेच, की मागे कोणीतरी उभे आहे याची पुढच्यांना खात्री होती, आणि आपल्यासाठी पूल थांबेल याची मागच्यांना.

याच वाटांवर आणखी एक माघार चालली होती. तिला चंदावल नव्हते. १९३१ च्या खानेसुमारीत ब्रह्मदेशात दहा लक्षांवर हिंदी माणसे होती. रंगुनात निम्म्याहून अधिक वस्ती त्यांची. गोदीतले हमाल, झाडूवाले, गिरणीकामगार, कारकून, चेट्टी सावकार. त्यांतली चारएक लक्ष माणसे त्या सहा महिन्यांत निघाली, काही बोटींनी, काही आराकानच्या डोंगरातून, काही टामूवरून मणिपुराकडे. पटकी आणि हिवताप त्यांच्याबरोबर चालत होते. गोऱ्यांसाठी सोयीची वाट आणि हिंदी लोकांसाठी दुसरी, असा भेद सरकारी अधिकाऱ्यांनी त्या संकटातही पाळला. किती मेले? जाणते लोक दहा हजारांपासून पन्नास हजार आणि त्याहूनही वर आकडे देतात. सैन्याचे सुमारे १३,००० लोक मेले, जखमी वा बेपत्ता झाले, याची नोंद आहे. प्रत्येक पलटणीत कारकून होता. रस्त्याकडेच्या बाईचे नाव लिहिणारे कोणी नव्हते.

शेवटची नदी चिंदविन. श्वेजिन येथे कड्यांनी वेढलेल्या खोलगट जागेत एक धक्का, आणि थोड्याशा आगबोटी. एका खेपेत शेकडो माणसे मावत, पण मोटारी एखाददोन. १० मे रोजी जपान्यांनी कड्यांवरून मारा सुरू केला. दिवसभर झुंज देऊन संध्याकाळी तोफांनी उरलेला सगळा दारूगोळा शत्रूवर ओतला, रणगाडे निकामी करून तिथेच सोडले, आणि माणसे काठाकाठाने पायवाटेने कलेवासमोर जाऊन पार झाली. रणगाड्यांपैकी पलीकडे पोचला तो अवघा एक. वडगावची आठवण यावी असाच हा प्रसंग; फरक हा, की येथे सामान गेले आणि सैन्य उरले.

१२ मेच्या सुमारास पावसाळा फुटला. काबाव खोऱ्यातून, चिखलातून, हिवतापाने थरथरत, पलटणी आपापल्या क्रमाने चालत आल्या. २० मेला स्लिम यांनी त्यांचा ताबा दिला. इंफाळमध्ये त्यांच्यासाठी तंबू नव्हते, पुरेशी ब्लँकेटेही नव्हती. पळून आलेल्यांचे स्वागत करावे तसे स्वागत झाले, आणि रुग्णालये भरून गेली.

१९४४ च्या मार्चमध्ये त्याच १७ व्या डिव्हिजनला टिड्डिमहून इंफाळकडे पुन्हा माघार घ्यावी लागली. सेनापती तेच कोवन. समोर जपान्यांचे ३३ वे डिव्हिजन, सित्तांगला होते तेच. जपान्यांनी तेच जुने अडसर टाकले, एकामागून एक. पण आता शिधा आणि दारूगोळा विमानांतून उतरत होता, त्यामुळे रस्ता तुटला म्हणून कोणी घाबरले नाही. पलटणी आधी डोंगरमाथ्यांवर चढत, अडसराच्या मागे जात आणि मग मोटारी पुढे नेत. सुमारे तीन आठवड्यांनी, एप्रिलच्या सुरुवातीस, डिव्हिजन आपल्या मोटारी, तोफा आणि जखमींसह इंफाळच्या मैदानात उतरले.