बंदरावरचा मुक्काम

पावसाने जरा उघडीप दिली की मी संध्याकाळी वसईच्या किल्लाबंदरला चक्कर मारतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या वर ओढून लाकडी टेकूंवर उभ्या केलेल्या असतात. एरवी अर्धी पाण्यात असलेली होडी अशी सबंध दिसली की ती केवढी थोरली आहे ते कळते. आपल्यासारख्या रस्त्यावरच्या माणसाला वाटते, कोळीवाड्याला सुट्टी आहे. सुट्टी कसली! बुडाला चिकटलेली कालवे खरवडायची, कुजलेली फळी काढून नवी बसवायची, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, सर चुकवून रंग द्यायचा, इंजिन उघडायचे. ओट्याओट्यांवर जाळी दुरुस्त होत असतात. फायबरच्या होड्या केल्या त्यांचे थोडे काम वाचले, पण इंजिन कोणाला चुकत नाही.

सारा जन्म बँकेत गेल्याने मला आकडे मोजायची खोड आहे. नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. एकंदर २५४ दिवस, त्यांतले १९९ समुद्रावर. सर्वांनी त्या १९९ दिवसांच्या लाटा आणि वादळे आवडीने वाचली. मी अडकलो उरलेल्या ५५ दिवसांत. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन. प्रत्येक मुक्काम पंधरवड्याच्या आसपासचा. शिडे तपासायची, दोर पाहायचे, शिधा-पाणी भरायचे, आणि मधल्या वेळात तिथल्या शाळांतल्या मुलांना नि भारतीय कुटुंबांना भेटायचे. पाचवे बंदर, मॉरिशसचे पोर्ट लुई, बेतात नव्हतेच. सुकाणूत बिघाड झाला म्हणून एप्रिल २०१८ मध्ये तिकडे वळावे लागले. त्यांना शिकवणारे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. तेही याच चार बंदरांत थांबले होते.

हे असे थांबणे आमच्या भागाला नवीन नाही. किल्लाबंदराहून थोडे उत्तरेला नालासोपारा आहे. आज लोकलच्या गर्दीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी ‘सुप्पारा’ म्हणून ग्रीक व्यापाऱ्यांच्या प्रवासवर्णनात आले आहे. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आलेल्या गलबताला परतीचा वारा हिवाळ्याशिवाय मिळत नसे. तोवर खलाशांनी करायचे काय? डागडुजी झाल्यावर गावातून हिंडतच असणार. भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये इथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. गंमत म्हणजे तो लेख फिरण्यावरच आहे. पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला बाहेर पडत. आपण मात्र साधूंना, वृद्धांना, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायला निघालो, असे राजा सांगतो. बंदराच्या गावात हा लेख कोरायची कल्पना कोणाची असेल, असा विचार मी लोकलची वाट पाहताना पुष्कळदा केला आहे.

पण किल्लाबंदरला मी जातो त्याला दुसरेही कारण आहे. ते आजवर घरीसुद्धा धड सांगितलेले नाही.

१९८९ साल. मी तिशीच्या आतला, होड्यांच्या कर्जाचे टेबल माझ्याकडे. किल्लाबंदरचे एक वयस्क नाखवा नव्या इंजिनासाठी अर्ज घेऊन आले. अंदाजपत्रकाच्या शेवटी एक ओळ होती : शीड, डोलकाठी व दोर. मी विचारले, इंजिन आहे ना, मग शीड कशाला? नाखवा म्हणाले, “इंजिनाला डिझेल लागतं सायेब. शिडाला काय लागतं?” उत्तर मला आवडले, तरी ती ओळ मी लाल शाईने खोडली. योजना यांत्रिकीकरणाची होती, आणि शीड म्हणजे मागासलेपण असे मला तेव्हा मनापासून वाटत होते. नाखवा काही बोलले नाहीत. कागदाची घडी करून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या सोनेतारणाच्या खिडकीवर मी त्यांना पाहिले. रुमालात दोन बांगड्या होत्या. मी मान खाली घालून लेजर लिहीत राहिलो.

फेब्रुवारीत त्यांच्या होडीचा शाफ्ट भर समुद्रात तुटला. होडीवर चौघे, त्यांत नाखवांचा धाकटा मुलगा. दोन रात्री होडी वाहत होती. मग दुपारच्या पश्चिमेच्या वाऱ्यावर शीड लावून ती अर्नाळ्याला लागली. हे मला बँकेच्या शिपायाकडून कळले. नाखवा नंतर हप्ता भरायला आले, पावती घेतली, हवापाण्याचे बोलले. शिडाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. नंतर वर्षभरात माझी बदली झाली, आणि माफी मागायची राहिली ती राहिलीच. कादंबऱ्यांतून मी पुष्कळ माणसांना माफी मागायला लावली आहे.

नाखवा जाऊन बरीच वर्षे झाली. गेल्या आठवड्यात त्यांचा नातू इंजिन उघडून बसला होता. सर आली तसे त्याने कोपऱ्यातले एक जाड, मळकट कापड ओढून इंजिनावर टाकले. कापडाला ठिगळे होती, कडेला दोर शिवलेला.

“ताडपत्री का रे?” मी विचारले.

“नाय काका, आजोबांचं शीड.”

“समुद्रात नेतोस का?”

“वायरलेस आहे, मोबाइल आहे. कशाला न्यायचं?” तो हसला. “आणि फाटलं तर शिवणारा कुठं राहिलाय?”

पाऊस वाढला. मी छत्री त्याच्या डोक्यावर धरली आणि दुसऱ्या हाताने कापडाची कड चाचपली. शिवण अजून घट्ट होती.