गोदेचा गाळ आणि चिरुटाची चव

गोदावरी परभणी जिल्ह्यातून वाहते ती पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांच्या शिवारांना स्पर्श करीत. आणि पावसाळ्यात तिचे पाणी जे गढूळ होते, ते या शिवारांतली काळी माती पोटात घेऊनच. ही माती नांदेड ओलांडून, तेलंगणाचा मुलूख पार करून, शतकानुशतके राजमहेंद्रीच्या आसपास जाऊन स्थिरावत आली. तेथे नदीचे पात्र विस्तीर्ण होते आणि पूर ओसरला म्हणजे मधूनमधून गाळाची बेटे उघडी पडतात. या बेटांना तेलुगू लोक 'लंका' म्हणतात, आणि लंकांवर पिकणारी तंबाखू ही चिरुटासाठी भारतात नावाजलेल्या तंबाखूंपैकी एक आहे. सिगारच्या आस्वादाविषयी लिहू लागले म्हणजे लेखणी सहजच हावानाकडे वळते. माझे म्हणणे असे की, या विषयाचे जे सार आहे, म्हणजे माती, मुरवण आणि हात, ते समजून घेण्यासाठी गोदाकाठच्या माणसाला समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. आणि ओलांडलाच, तर तेथील थोरवी त्याला अधिक उमजेल.

प्रथम मातीचा विचार करू. परभणीची जमीन भारी, खोल आणि ओल धरून ठेवणारी. ज्वारी आणि कापूस यांना ती मातेसमान, पण सिगारच्या पानाला मात्र मानवणारी नव्हे. त्या पानाला निचऱ्याची, भुसभुशीत जमीन लागते. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता अबाहो नावाचा जो टापू आहे, आणि ज्याच्या पानाची सर अन्य कोणत्याही पानाला नाही असे जाणकार मानतात, तेथील माती तांबूस आणि रेताड आहे. जमिनीत पालाश पुरेसे असले तर पान संथ आणि सलग जळते. क्लोराइडाचे प्रमाण वाढले तर तेच पान धुमसते, विझते आणि तोंडात कडवटपणा ठेवते. आमची काळी माती रेतीशी एकजीव होऊन लंकांवर पसरली म्हणजे जिचे पान आमच्या शिवारात साधत नाही, त्या वनस्पतीला ती अनुकूल होते, हे मला या नदीचे एक थोर कार्य वाटते. अलीकडे पैठणला जायकवाडीचे, तेलंगणात पोचंपाडचे अशी धरणे झाल्यापासून नदीतील पुष्कळसा गाळ वाटेतच अडतो. त्या धरणांवर लाखो एकरांचे पोषण होते, त्यामुळे त्याविषयी तक्रार करणे उचित नाही, परंतु लंकेच्या पानाचा इतिहास लिहिणाऱ्याने ही गोष्ट नोंदविलीच पाहिजे.

तंबाखू अमेरिकेतून आली, हे खरे. पण धूर हा रसनेचा व नासिकेचा विषय होऊ शकतो हे ज्ञान आमच्याकडे तिच्या फार आधीपासूनचे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, धूमपानाचा विधी सांगितला आहे. चंदन, वेलदोडा, वाळा, अगरु, गुग्गुळ इत्यादी द्रव्यांचा कल्क करून तो शर गवताच्या काडीवर लेपावा, अंगठ्याएवढी जाड, आठ अंगुळे लांब आणि यवाप्रमाणे मध्ये फुगीर अशी वर्ती करावी, सुकल्यावर आतली काडी काढून घ्यावी, तिला तूप माखावे आणि मग नळीत बसवून पेटवावी. आजच्या सिगारच्या ज्या आकृतीला दोन्ही टोकांस निमुळती आणि मध्ये भरीव म्हणून विशेष मान आहे, तिचे हे जणू यथातथ्य वर्णन होय. याहून लक्षणीय म्हणजे चरकाने घालून दिलेला निर्बंध: तोंडाने घेतलेला धूर नाकाने सोडू नये, कारण तो उलट मार्गाने जाऊन डोळ्यांना अपाय करतो. आधुनिक रसिक नेमके याच्या विरुद्ध करतात. धुराचा अल्पसा अंश ते मुद्दाम नाकावाटे सोडतात, कारण ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वस्तुतः गंध असतो आणि तो नाकाच्या मागच्या वाटेनेच कळतो. चरकाची दृष्टी चिकित्सेवर होती, रसिकाची आस्वादावर असते. इतके ध्यानात घेतले म्हणजे या विरोधाचा उलगडा होतो.

परभणी मुलखात तंबाखूचा धूर तीन वाटांनी आला असे म्हणता येईल. पहिली वाट चिलमीची. शिर्डीच्या साईबाबांचा जन्म पाथरीस झाला अशी तेथील लोकांची दृढ श्रद्धा आहे, आणि बाबांची चिलीम तर सर्वविदित आहे. हेमाडपंतांच्या 'श्री साईसच्चरित' या ग्रंथात, निजामी मुलखातल्या धूप गावच्या चांद पाटलाची हरवलेली घोडी बाबांनी दाखवून दिली त्या प्रसंगात, चिमट्याने भूमीतून निखारा आणि सटक्याच्या आघाताने पाणी काढून छापी भिजविल्याचा आणि मग चिलीम ओढल्याचा उल्लेख आहे. ही छापी, म्हणजे चिलमीच्या तोंडाशी धरावयाची ओली चिंधी, म्हणजे धुराचा दाह कमी करण्याचा अत्यंत साधा आणि अत्यंत शहाणपणाचा उपाय होय. हुक्क्यातील पाणी करते तेच काम ती विनाखर्च करते.

दुसरी वाट हुक्क्याची. आणि ती दख्खनची खास म्हटली पाहिजे. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला तेव्हा, म्हणजे इ. स. १६०४-०५ च्या सुमारास, त्याने आदिलशाही मुलखातून तंबाखू आणि रत्नजडित नळीचा एक हुक्का बादशहापुढे नजर केला. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली आणि दरबारात वादविवाद झाला. दिल्ली-आग्ऱ्याला हे व्यसन दक्षिणेतून गेले. पुढे निजामी अमदानीत, जिल्ह्याचा मुख्य अंमलदार अव्वल तालुकदार म्हणविला जात असे आणि मालाच्या आयातीवर करोडगिरीचे नाके बसत त्या काळात, जागीरदार आणि वतनदार यांच्या दिवाणखान्यांत हुक्का हे शिष्टाचाराचे साधन झाले होते. त्याची बैठक बहुधा बिदरी कामाची असे: जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेली, चांदीच्या तारा आणि पत्रे ठोकून वेलबुट्टी भरलेली, आणि बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने काळीभोर केलेली. त्या काळेपणावर चांदी जशी उठून दिसते तशी दुसऱ्या कशावरही नाही. गुडाखूची, म्हणजे हुक्क्यात भरावयाच्या तंबाखूची, तयारी ही एक विद्याच होती. कुटलेल्या तंबाखूत गूळ किंवा काकवी, फळांचा गर आणि सुगंधी मसाले घालून ती मडक्यांत भरीत आणि महिनोमहिने मुरत ठेवीत. या मुरलेल्या तंबाखूची परीक्षा करणारे घरोघर होते.

तिसरी वाट हिंगोलीच्या छावणीची. हिंगोली आज स्वतंत्र जिल्हा असली तरी १ मे १९९९ पर्यंत ती परभणीतच होती, आणि १९०३ पर्यंत तेथे हैदराबाद कंटिंजंटचा तळ होता. कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल येथील चिरूट सर्व छावण्यांतून पसरला. या चिरुटाची कीर्ती एवढी की, आर्थर कॉनन डॉइलच्या १८८७ च्या कादंबरीत शेरलॉक होम्स खोलीतील राख पाहून ती तिरुचिरापल्लीच्या सिगारची आहे हे ओळखतो. निजामाच्या चाकरीत असलेला फिलिप मेडोज टेलर या छावणीशी परिचित होता. ठगांविषयीच्या आपल्या १८३९ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवले आहे की, हिंगोलीच्या बाजारातील हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी, ज्याच्याशी त्याचा स्वतःचाही व्यवहार होता, तोच त्या प्रांतातील ठगांचा म्होरक्या निघाला. वाटसरूच्या गळ्याला रुमाल लावण्याचा ठगांचा एक ठरलेला इशारा होता 'तमाखू लाओ'. सहप्रवाशाला तंबाखू देणे हे विश्वासाचे सर्वमान्य चिन्ह होते, आणि म्हणूनच त्या चिन्हाचा असा घोर दुरुपयोग होऊ शकला.

आता खुद्द सिगारकडे वळू. हाताने वळलेल्या उत्तम सिगारमध्ये कागद नाही, कात्रण नाही. केवळ पाने असतात. आतला गाभा, त्याला आवळणारे बांधणीचे पान आणि सर्वांवर वेष्टनाचे पान, असे तिचे तीन घटक. गाभ्यातही झाडाच्या तळाचे पान जळण्याचे काम करते, मधले गंध देते आणि शेंड्याचे, ज्यावर ऊन अधिक पडलेले असते, ते जोर देते. क्यूबात यांना अनुक्रमे वोलादो, सेको आणि लिहेरो म्हणतात. शेंड्याचे पान संथ जळते, म्हणून कुशल कारागीर ते बरोबर मध्यभागी ठेवतो. पण या सर्वांहून मोठी गोष्ट मुरवणीची. वाळलेल्या पानांच्या थप्प्या रचल्या म्हणजे त्या आतून आपोआप तापू लागतात, अमोनियाचा उग्र वास बाहेर पडतो, आणि उष्णता ठराविक मर्यादेपलीकडे गेली की थप्पी मोडून आतले पान बाहेर, बाहेरचे आत असे पुन्हा रचावे लागते. आंब्याची अढी लावणाऱ्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. काही पानांना अशा दोन-तीन मुरवणी द्याव्या लागतात आणि त्यानंतर वर्षानुवर्षे विश्रांती. काळपट, तेलकट वेष्टनाची गोडी ही या दीर्घ मुरवणीची देणगी आहे. तिला कोणताही संक्षिप्त मार्ग नाही.

आस्वादाचा क्रम असा. सिगार प्रथम डोळ्यांनी पाहावी: वेष्टनाच्या शिरा बारीक आहेत की जाड, रंग सलग आहे की डागाळलेला. मग दोन बोटांत हलकेच दाबावी. कोठे पोकळ लागली तर ती तेथे भराभर जळेल, कोठे गाठ लागली तर धूर अडेल. टोक छाटावे ते टोपीच्या वरच्या भागातच, अधिक खाली गेल्यास वेष्टन उलगडते. पेटविण्यापूर्वी एक कोरडा श्वास तिच्यातून ओढून पाहावा. त्या न जळलेल्या पानाच्या गंधात पुढच्या तासाचे बरेचसे भविष्य कळते. पेटविताना ज्वाळा तिला स्पर्शू देऊ नये, टोक फिरवीत फिरवीत ते आधी शेकावे. त्यानंतर घाई करू नये. मिनिटाला एखादा झुरका पुरे. अधिक वेगाने ओढल्यास आतले तापमान वाढून सर्व पानांची चव एकसारखी कडू होते, आणि ही भिन्न भिन्न पाने इतक्या कष्टाने एकत्र आणणाऱ्यांचा श्रम वाया जातो. पहिला तृतीयांश बहुधा हलका, दुसरा परिपूर्ण आणि तिसरा तीव्र. कारण जळत्या टोकाकडून येणारी द्रव्ये मागच्या पानांत साठत जातात.

या चवींची नावे परदेशी ग्रंथांत देवदार, कोको, चामडे, मिरी, भाजलेली कॉफी अशी दिलेली असतात. ती चूक नव्हेत, पण मराठी रसिकाने ती उसनी घ्यावी हे मला पटत नाही. गुऱ्हाळातील कढईचा काठ, भाजत्या हरभऱ्याच्या टरफलाचा वास, मृगाच्या पहिल्या सरीने भिजलेली ढेकळे, जुन्या कपाटातील सागवान, सुक्या खोबऱ्याचा तेलकटपणा, ही आमच्या स्मृतीत पक्की रुजलेली गंधसंपत्ती आहे. ज्याच्या स्मृतीत गंध नाही त्याला तो ओळखता येत नाही. म्हणून आस्वादाची परिभाषा प्रत्येक प्रदेशाची आपली असली पाहिजे.

परभणीत सिगार जतन करणे हे मात्र कठीण काम. तिला हवेत सुमारे ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि २० अंशांच्या आसपास उष्णता हवी. आमच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा इतकी रुक्ष होते की वेष्टन बोटाखाली तडकते; आणि श्रावणात त्याच पेटीत बुरशी धरते. शिवाय सुमारे पंचवीस अंशांच्या वर तंबाखूतील सूक्ष्म भुंगेऱ्याची अंडी फुटतात आणि तो टाचणीएवढी छिद्रे पाडीत थेट आरपार जातो. घट्ट झाकणाची लाकडी पेटी, आर्द्रतामापक आणि घरातील सर्वांत थंड खोली यांवाचून येथे हा नाद करू नये.

याहून गंभीर गोष्ट आरोग्याची. विडी-सिगारेटचा धूर छातीत घेतल्यावाचून तलफ भागत नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील निकोटीन तोंडाच्या त्वचेतूनच रक्तात उतरते. त्यामुळे तो छातीत न घेणे हा रसिकांचा नियम योग्य असला तरी त्याने धोका टळत नाही, तो तोंड, जीभ आणि घसा यांकडे वळतो. आंध्रच्या किनाऱ्यावर स्त्रिया चुट्ट्याचे, म्हणजे तेथील चिरुटाचे, जळते टोक तोंडात धरून ओढतात, आणि त्यांच्यात टाळूचा कर्करोग आढळतो हे वैद्यकाने सिद्ध केले आहे. चरकाने आपल्या निरुपद्रवी वर्तीलासुद्धा काळाची आणि मात्रेची मर्यादा घातली, आणि अकाली अथवा अतिमात्र धूमपानाने बधिरता, आंधळेपणा, मूकत्व, रक्तपित्त आणि भोवळ येते असे बजावले. तंबाखूला त्याहून पुष्कळ कडक मर्यादा हवी. ज्याला हा रस घ्यावयाचाच आहे त्याने तो क्वचित, प्रसंगविशेषी घ्यावा, आणि ज्याने कधी घेतलेला नाही त्याने या लेखामुळे आरंभ करू नये, असे मी मनःपूर्वक सांगतो. पानाची परीक्षा न जळताही पुष्कळ करता येते.

शेवटी हातांविषयी. हावानाच्या कारखान्यांत १८६५ पासून, प्रथम एल फिगारो येथे, कामगारांनी स्वतःच्या मजुरीतून पैसे देऊन एक वाचक नेमण्याची चाल सुरू झाली. तो उंच आसनावर बसून सकाळी वर्तमानपत्र आणि नंतर कादंबरी वाची, आणि शेकडो माणसे मान खाली घालून पाने वळीत ऐकत. अलेक्झांडर ड्यूमाची माँटे क्रिस्टोची कथा त्यांना इतकी प्रिय होती की १९३५ मध्ये एका सिगारला तेच नाव मिळाले. आमच्याकडे केरळातील कण्णूरच्या विडी कामगारांत हीच रीत होती. एकजण वाची, आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतर मिळून वळीत. त्याच कण्णुरात १९६९ मध्ये विडी कामगारांची दिनेश सहकारी संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात सोलापूर, सिन्नर, नगर, भंडारा-गोंदिया येथे आणि सीमेवर निपाणीत हजारो स्त्रिया हजार विड्यांच्या दराने हे काम करीत आल्या आहेत; परंतु त्यांतील बहुतेकींना पान-तंबाखू घरी नेऊन, आपापल्या ओसरीवर एकेकटीने वळावी लागते, आणि जेथे कामगार एकत्र बसत नाहीत तेथे वाचकाला आसन मिळत नाही. चार घरांच्या स्त्रियांनी दुपारी एका ओसरीवर सुपे मांडावीत आणि शाळेत शिकणाऱ्या एखाद्या मुलीने त्यांना मराठी कादंबरी वाचून दाखवावी, एवढी व्यवस्था सहकारी संस्थांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी मनावर घेतली तर आजही होऊ शकेल. तिला लागणारा खर्च अत्यल्प आहे आणि पुस्तके तर वाचनालयांच्या कपाटांत आहेतच.