‘परत येईन’ म्हणणारा बाप

दूरचित्रवाणीवरच्या मालिकेतला एक माणूस शेवटी कुठे गेला, यावरून लोक पंचवीस वर्षांहून अधिक काळ भांडत आहेत असे सांगितले तर आपली माणसे हसतील. पोट भरलेल्यांचे उद्योग म्हणतील. मीही तसेच म्हणालो होतो. पण भाच्याने सगळी हकिकत सांगितली, दोन-चार भाग शेजारी बसवून दाखवले, आणि त्या वादाच्या तळाशी जो प्रश्न दिसला तो आपल्याच घरातला निघाला. घर सोडून जाणाऱ्या माणसाची गोष्ट कशी सांगायची, आणि ती सांगण्याचा हक्क कोणाचा?

मालिकेचे नाव ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली मूळ ‘स्टार ट्रेक’ पुढे आपल्याकडे दूरदर्शनवरही लागत असे. टोकदार कानांचा स्पॉक आमच्या थोरल्या भावंडांना अजून आठवतो. त्याच घराण्यातली ही मालिका जानेवारी १९९३ ते जून १९९९ अशी सात पर्वे चालली. काळ चोविसाव्या शतकातला. बेजोर नावाचा ग्रह कार्डेशियन लोकांच्या पन्नास वर्षांच्या जुलमातून नुकताच सुटलेला. त्याच्याजवळच्या अंतराळ स्थानकाचा प्रमुख म्हणून बेंजामिन सिस्को येतो. बायको लढाईत गेलेली, सोबत मुलगा जेक. आणि सिस्को काळा आहे. ‘स्टार ट्रेक’च्या कोणत्याही मालिकेचा पहिला काळा नायक.

ही भूमिका करणारा एव्हरी ब्रूक्स नुसता नट नव्हे. रटगर्स विद्यापीठातून अभिनय व दिग्दर्शनाची पदव्युत्तर पदवी मिळवणारा तो पहिला काळा विद्यार्थी, आणि पुढे तिथेच शिकवणारा प्राध्यापक. त्याच विद्यापीठातून १९१९ साली पदवी घेतलेले थोर गायक-नट पॉल रोबसन यांची भूमिकाही त्याने रंगमंचावर केली. रोबसनने काळ्यांच्या हक्कांसाठी काय सोसले हे आपल्या चळवळीतल्या जुन्या वाचकांना सांगायला नको.

आता एक बारीक गोष्ट. आधीच्या दोन मालिकांचे गोरे नायक, कर्क आणि पिकार्ड, पहिल्या भागापासून कॅप्टन होते. सिस्को आला तो कमांडर म्हणून. त्याला कॅप्टनपद मिळाले तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस, १९९५ साली. त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेल्या ‘व्हॉयेजर’ मालिकेतली गोरी नायिका मात्र पहिल्या दिवसापासून कॅप्टन. कथेच्या सोयीने तसे झाले असेल. पण ज्याने कचेरीत स्वतःच्या बढतीची फाइल कुठे अडली आहे याचा माग काढला आहे, त्याच्या नजरेतून ही गोष्ट सुटत नाही.

तरी लोकांना सिस्को आवडला तो पदामुळे नव्हे, बाप म्हणून. तो स्वतः स्वयंपाक करतो, मुलाला जेवायला बसवतो, वाढलेल्या पोराला सर्वांदेखत मिठी मारतो, त्याचा मुका घेतो. जेकला फौजेत जायचे नाही, लेखक व्हायचे आहे. बाप ते मान्य करतो. सिस्कोचे वडील न्यू ऑर्लिन्समध्ये खानावळ चालवतात. ती भूमिका ब्रॉक पीटर्स यांनी केली. १९६२ सालच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या चित्रपटात खोट्या आरोपाखाली दोषी ठरवला गेलेला काळा मजूर टॉम रॉबिन्सन हेच पीटर्स झाले होते. अशा नटाला पडद्यावर नातवाशी गप्पा मारत भाजी चिरताना पाहायला बरे वाटते. आजोबा, बाप, मुलगा अशी तीन पिढ्यांची काळी पुरुषमंडळी एकमेकांवर माया करताना दिसावीत, हे तिथल्या छोट्या पडद्यावर रोजचे नव्हते.

१९९५च्या ऑक्टोबरात ‘द व्हिजिटर’ नावाचा भाग झाला. त्यात एका अपघाताने बाप काळाच्या प्रवाहात हरवतो आणि मधूनमधून क्षणभर मुलासमोर प्रकट होतो. मुलगा लेखन सोडतो, संसार सोडतो, म्हातारा होईपर्यंत बापाला परत आणण्याच्या मागे लागतो आणि त्यासाठी शेवटी स्वतःचा जीव देतो. भाचा म्हणाला, हा भाग बघून आम्ही सगळे रडतो. मीही डोळे पुसले, खोटे कशाला बोलू.

आणि अशा बापाचा शेवट काय झाला?

बेजोरजवळ अंतराळात एक बोगदा आहे. त्यात राहणाऱ्या अदृश्य जीवांना बेजोरी लोक देव मानतात आणि सिस्कोला त्यांचा दूत. सिस्कोला आधी हे मुळीच रुचत नाही, पण हळूहळू तो त्यात ओढला जातो. शेवटच्या पर्वात तर असे निघते की त्याचा जन्मच त्या जीवांनी घडवून आणलेला. (बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला इथे अवतारवादाचा वास येतो. चांगला विज्ञानाचा माणूस देवांच्या हवाली केला याचा मला राग आहे, पण तो वाद वेगळा.) कॅसिडी येट्स ही मालवाहू यानाची कॅप्टन, स्वतःच्या हिमतीवर उभी असलेली काळी बाई. तिच्याशी तो लग्न करतो. तिला दिवस जातात. आणि २ जून १९९९च्या अखेरच्या भागात सिस्को शत्रूला रोखण्यासाठी त्याच्यासह आगीच्या दरीत कोसळतो. ते जीव त्याला वाचवतात आणि आपल्यात घेतात. तिथून तो गरोदर बायकोला दर्शन देऊन तिचा निरोप घेतो.

आधी जे लिहिले आणि चित्रित केले होते त्यात हा निरोप कायमचा होता. तो आता येणार नव्हता. चित्रीकरण झाल्यावर ब्रूक्सचे मन खाऊ लागले. त्याने मालिकेचे प्रमुख लेखक-निर्माते आयरा स्टीव्हन बेहर यांना फोन केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, काळा पुरुष पोटुशी बायकोला एकटी टाकून निघून जातो, हे चित्र आमच्या समाजाच्या कपाळावर आधीच डागलेले आहे. सात वर्षे जो बाप आपण उभा केला, त्याच्या हातून शेवटी तेच करवू नका. बेहर गोरे. त्यांच्या ध्यानात हे आले नव्हते. पण त्यांनी ऐकले. प्रसंग पुन्हा चित्रित झाला. नव्या प्रसंगात सिस्को बायकोला सांगतो की मी परत येईन. त्या जागी काळाचा हिशेब नाही, म्हणून कधी ते सांगता येत नाही.

बदल एवढाच, दोन वाक्यांचा. वाद मात्र तेव्हापासून चालू आहे.

एक पक्ष म्हणतो, मूळचा शेवटच खरा होता. लग्न केलेस तर दुःखच पदरी पडेल असे त्या जीवांनी सिस्कोला आधीच बजावले होते. मग किंमत मोजल्यावाचून गोष्ट पुरी कशी होणार? दुसरा म्हणतो, ब्रूक्सने केले ते योग्यच केले. तिसरा आणखी पुढे जाऊन विचारतो, नुसत्या शब्दाने काय होते? पडद्यावर तर बायको एकटीच राहिली ना? आणि एक चौथी तक्रार आहे, ती मला सर्वांत बोचते. सिस्को निरोप देतो तो फक्त कॅसिडीला. जेकला एक शब्दही नाही. शेवटच्या दृश्यात तो पोरगा खिडकीशी उभा राहून अंतराळाकडे बघत असतो. ज्या मुलाने ‘द व्हिजिटर’मध्ये बापासाठी आयुष्य जाळले, त्याच्या वाट्याला खिडकी!

बरेच जण असेही म्हणतात की चोविसाव्या शतकाच्या कथेत रंग कशाला आणता, तिथे भेदभाव संपलेला आहे. हे वाक्य ओळखीचे वाटते ना? ‘आता कुठे राहिली जात?’ असे आपल्यालाही ऐकवले जाते, आणि ऐकवणारे कोण असतात तेही आपल्याला ठाऊक आहे. मालिकेने मात्र रंग लपवला नव्हता. १९९९च्याच एका भागात १९६२ सालच्या लास वेगासचा आभासी खेळ सगळे सहकारी खेळत असतात. सिस्को त्यात जायला राजी नसतो. त्या काळी आपल्या लोकांना तिथे मोकळी वागणूक नव्हती, मग हा खोटा इतिहास खेळायचा कशाला, असे तो कॅसिडीला विचारतो.

ब्रूक्सला एवढे का लागले असावे? गुलामीच्या काळात काळ्यांच्या लग्नाला कायद्यात किंमतच नव्हती. मालकाच्या मर्जीने बाप एका गावी विकला जाई, आई दुसऱ्या गावी, मूल तिसऱ्या. १८६५ साली गुलामी संपल्यावर कित्येकांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या की अमुक मालकाकडे असलेला माझा नवरा, माझा मुलगा, माझी आई कोणाला ठाऊक असल्यास कळवावे. अशा जाहिराती पुढे कित्येक वर्षे छापून येत होत्या. ज्यांची घरे दुसऱ्यांनी मोडली, त्यांनाच पुढे घर मोडणारे ठरवण्यात आले. १९६५ साली सरकारी अधिकारी मॉयनिहन यांनी काळ्यांच्या कुटुंबावर अहवाल लिहिला. त्याने काळ्यांच्या दैन्याचे खापर त्यांच्याच मोडक्या घरांवर फोडले, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. आणि वस्तुस्थिती काय? २०१३ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-आकडेवारी केंद्राने बापांची पाहणी प्रसिद्ध केली. लहान मुलांसोबत एका घरात राहणाऱ्या काळ्या बापांपैकी शेकडा ७० जण मुलांना रोज आंघोळ घालणे, कपडे घालणे, शी-शू काढणे हे करीत होते. गोऱ्या बापांत हेच प्रमाण शेकडा ६० होते.

१९९८ सालचा एक भाग ब्रूक्सने स्वतः दिग्दर्शित केला. त्यात सिस्कोला आपण १९५३ सालच्या न्यू यॉर्कमधला बेनी रसेल नावाचा काळा विज्ञानकथा-लेखक असल्याचा भास होतो. बेनी एका काळ्या कॅप्टनची कथा लिहितो. संपादक म्हणतो, कथा छान आहे, पण नायक काळा चालणार नाही. शेवटी हे सगळे एका माणसाचे स्वप्न होते असे दाखवायला बेनी तयार होतो. तरीही मालक तो अंक रद्द करतो आणि त्याची नोकरी जाते. अंकात लेखकांचे छायाचित्र छापायचे ठरते तेव्हा बेनीला आणि एका लेखिकेला सुचवले जाते की त्या दिवशी उशिरापर्यंत झोपा. वाचकांना कळायला नको. हे कल्पित आहे, पण फार कल्पित नाही. हार्लेममध्ये वाढलेले काळे लेखक सॅम्युअल डिलेनी यांची ‘नोव्हा’ ही कादंबरी जॉन कॅम्बेल या नामवंत संपादकाने आपल्या मासिकासाठी नाकारली होती, कारण वाचक काळा नायक स्वीकारणार नाहीत असे त्याला वाटले. १९६८ साली ती पुस्तकरूपाने आलीच. बेनी रसेल साकारलेला नट वर्षभराने शेवटच्या प्रसंगासाठी फोन उचलतो, यात मला नवल वाटत नाही.

आणि आपणा बौद्धांना तर मुळीच वाटू नये. सिद्धार्थाचा गृहत्याग आठवा. परंपरेने सांगितलेली गोष्ट अशी की म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून त्याला विरक्ती आली आणि मध्यरात्री, बायको नि तान्हा राहुल झोपेत असताना, तो गुपचूप निघून गेला. बाबासाहेबांना ही गोष्ट पटली नाही. १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी पहिला प्रश्न हा घेतला आहे. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ज्याने म्हातारा माणूस पाहिला नाही असे होईल का? त्यांनी वाद रोहिणीच्या पाण्याचा सांगितला. शाक्य संघाने कोलियांशी युद्ध पुकारले, सिद्धार्थाने विरोध केला, आणि कुटुंबावर बहिष्कार व जमीनजप्ती येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. तो आईवडिलांना सांगून गेला. यशोधरेशी बोलून गेला. ती रडत बसली नाही. त्याचा निर्णय बरोबर आहे असे तिने सांगितले. वर्षावासात विहारात हा भाग वाचला जातो तेव्हा बायका कान देऊन ऐकतात, हे मी नेहमी पाहतो.

जाणे तेच आहे. पण ते कोणत्या कारणाने, आणि कोणाला सांगून, याने अख्खा माणूस बदलतो. बाबासाहेबांनी हे ग्रंथात केले. एव्हरी ब्रूक्सने आपल्या कुवतीनुसार एका फोनवर केले. दोन्हींची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण ब्रूक्सच्या बाजूने मी का उभा राहतो हे आता भाच्याला कळले आहे. कॅसिडीला मात्र यशोधरेसारखे आधी कोणी विचारले नाही, हेही खरे. तिला नंतर कळवले गेले.

पुढे काय झाले? २००३ सालच्या ‘युनिटी’ या कादंबरीत सिस्को परत येतो, आणि तेही मुलीच्या जन्माच्या वेळी. लोक खूश झाले. पण कादंबऱ्यांच्या त्याच मालिकेत काही वर्षांनी दुसऱ्या लेखकाने त्याला पुन्हा कॅसिडीपासून दूर नेले, तेव्हा बऱ्याच चाहत्यांनी कपाळाला हात लावला. २०२२ साली निघालेल्या एका चित्रकथेत तो आणखी वेगळ्या रीतीने परतला. मधल्या काळात चाहत्यांनी वर्गणी काढून मालिकेवर माहितीपट करवला, तो २०१८ साली तयार झाला. त्यात जुने लेखक एकत्र बसून आठवे पर्व कसे सुरू झाले असते याची जुळवाजुळव करतात. ब्रूक्स त्यासाठी नव्याने मुलाखत द्यायला बसला नाही. त्याचे जुने चित्रणच वापरले आहे. त्याला जे म्हणायचे होते ते १९९९ साली फोनवर म्हणून झाले होते.

भाचा म्हणतो, मामा, सिस्को परत आला असे धरून चाला. मी धरतो. पण त्या खिडकीत उभ्या असलेल्या जेकचे काय, हे मी त्याला दर वेळी विचारतो, आणि त्यावर आमचे अजून जुळलेले नाही.