मोंतोने : टायबरच्या खोऱ्यातले मराठी नाव

इटलीच्या उंब्रिया प्रांतात, पेरुजियाच्या उत्तरेला टायबर नदीच्या खोऱ्यातल्या एका टेकडीवर मोंतोने वसले आहे. तटबंदीच्या आत दगडी घरे, चढउताराच्या अरुंद गल्ल्या आणि सान फ्रांचेस्कोचे जुने चर्च. मध्ययुगातला नामांकित सेनानी ब्राच्चो फोर्तेब्राच्चो याच्या घराण्याचे हे गाव. पण मराठी माणसाने इथे वाट वाकडी करून यावे ते एका सूर्यघड्याळासाठी. माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांचे ते स्मारक आहे.

१९४४ च्या जूनमध्ये रोम मुक्त झाले. माघार घेणारी जर्मन फौज मात्र उत्तरेकडची एकेक टेकडी लढवत होती. हे खोरे मोकळे करण्याचे काम दहाव्या भारतीय डिव्हिजनकडे होते. १० जुलैला तिच्यातल्या मराठा पलटणीने एका ठाण्यावर हल्ला चढवला. मशीनगनच्या माऱ्यात घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. सोबत कोणी उरले नाही हे दिसत असूनही ते पुढे धावले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. मग बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना लोळवले. ठाणे हाती आले, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच त्यांचा प्राण गेला. वय होते २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर मात्र नाही. कॅसिनोच्या युद्धस्मारकावर त्यांचे नाव कोरले आहे.

इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक भारतीय लढले, ५,७८२ कामी आले. त्यांचा स्वतःचा देश तेव्हा पारतंत्र्यात होता. परक्या मुलखाच्या मुक्ततेसाठी त्यांनी जीव दिला, याची जाण मोंतोनेने ठेवली. २०२३ मध्ये इथल्या नगरपालिकेने इटालियन लष्करी इतिहासकारांच्या साथीने हे स्मारक उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असे त्याचे ब्रीद आहे.

रोम-फ्लोरेन्सच्या सहलीत मोंतोनेसाठी अर्धा दिवस जरूर काढावा. तेवढे जमणार नसेल, तर मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना माणगावला थांबावे. घाडगे यांचा पुतळा तिथे आहे. इटलीतल्या एका लहानशा गावाने त्यांची आठवण जपली. त्यांच्या मुलखातल्या आपण निदान तेवढे तरी करावे.