पत्र कोणाच्या दप्तरात राहिले? नागपूरकर भोसल्यांच्या राजकीय पत्रव्यवहाराचा साधनविचार

गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याचे अरण्य १९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. १९९९ पर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. त्यापूर्वी तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, वैनगंगेच्या खोऱ्यातील जमीनदाऱ्यांच्या प्रदेशात होता. या मुलखाचा १८०० ते १८२० या वीस वर्षांतील राजकीय इतिहास लिहावयाचे एखाद्या विद्यार्थ्याने मनावर घेतले, तर त्याला प्रथम एक चमत्कारिक अनुभव येईल. ज्या राजाच्या अमलाचा इतिहास लिहावयाचा, त्याची पत्रे त्या राजाच्या राजधानीत सापडत नाहीत. ती पुण्यास सापडतात, दिल्लीस सापडतात, लंडनला सापडतात. आणि त्यांतील पुष्कळशी राजाने लिहिलेली नसून राजाविषयी लिहिलेली असतात. या परिस्थितीचा परिणाम आपल्या निष्कर्षांवर कसा होतो आणि तो ओळखून पत्रे कशी वाचावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तुलनेसाठी त्याच काळातील अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचा पत्रव्यवहार घेतला आहे. कारण जी गोष्ट नागपूरच्या बाबतीत नाही, ती तेथे विपुल आहे.

१. प्रेषकाने ठेवलेली प्रत

पत्र एकदा रवाना झाले की ते प्रेषकाच्या हातून जाते. प्रेषकाच्या घरी त्याचा पुरावा राहावयाचा असेल तर नक्कल ठेवावी लागते. जॉर्ज वॉशिंग्टन (राष्ट्राध्यक्ष, १७८९–१७९७) याचे चिटणीस जावक पत्रे वह्यांत उतरवून ठेवीत. टॉमस जेफरसन (१८०१–१८०९) याने याही पुढे मजल मारली. जेम्स वॉटने १७८० मध्ये स्वामित्वहक्क घेतलेला नक्कल-दाब तो प्रथम वापरीत असे. ओल्या शाईचे पत्र पातळ, दमट कागदाखाली दाबले म्हणजे उलटी छाप उमटते व कागदाच्या मागील बाजूने ती सुलटी वाचता येते. १८०४ पासून तो दोन लेखण्या एकमेकींस जोडलेले यंत्र वापरू लागला. एक लेखणी चालली की दुसरी तीच अक्षरे दुसऱ्या कागदावर काढी. शिवाय १७८३ पासून १८२६ मध्ये मरण येईपर्यंत त्याने आवक-जावक पत्रांची तारीखवार नोंद स्वहस्ते ठेविली होती. हरवलेले पत्रदेखील या नोंदीत हजर असते. ज्यूलियन बॉइड याने १९५० मध्ये प्रिन्स्टन येथून जेफरसनच्या कागदपत्रांचा पहिला खंड काढला तेव्हा जेफरसनने लिहिलेली आणि त्याला आलेली अशी दोन्ही पत्रे एकत्र छापणे शक्य झाले, ते या दक्षतेमुळेच.

हे कागद सरकारी असले तरी ते सरकारी कचेरीत राहिले नाहीत, हे मात्र लक्षात ठेविले पाहिजे. वॉशिंग्टनचे दप्तर अधिकार संपताच माउंट व्हर्नन येथील त्याच्या घरी गेले. संघराज्य सरकारने ते पुढे १८३४ व १८४९ मध्ये त्याच्या वारसांकडून विकत घेतले. राष्ट्राध्यक्षाचे कागद राष्ट्राच्या मालकीचे असा कायदा १९७८ मध्ये झाला. मधल्या काळात जेरेड स्पार्क्स या संपादकाने वॉशिंग्टनची पत्रे बारा खंडांत छापली (१८३४–१८३७). ती छापताना त्याने भाषा 'सुधारली'. सेनापती पुटनमचा पत्रातील घरगुती उल्लेख काढून त्या जागी अदबीचा घातला. स्वाक्षऱ्यांच्या शौकिनांना त्याने मूळ कागदांचे तुकडेही वाटले. प्रत ठेवणारा कितीही दक्ष असला, तरी वारस आणि संपादक यांच्या हातून कागद जावाच लागतो, हा यातील बोध आहे.

२. नागपूरचा कागद तीन परक्या दप्तरांत

मराठी राज्यव्यवहारात नक्कल ठेवण्याची रीत नव्हती, असे कोणी समजू नये. जुन्या पत्रांच्या शेवटी 'सुरू सूद', 'बार' अशा खुणा आढळतात. त्या कचेरीत नोंद झाल्याच्याच खुणा होत. चिटणीस, फडणीस, मुतालिक ही सर्व व्यवस्था नागपूरलाही होती. तथापि पेशवे दप्तराच्या हजारो रुमालांशी तुलना करता येईल असे सलग दप्तर नागपूर राज्याचे आज अभ्यासकापुढे नाही. त्यामुळे दुसऱ्या रघूजी भोसल्याचा (मृत्यू १८१६) राजकीय पत्रव्यवहार तीन निरनिराळ्या दप्तरांतून गोळा करावा लागतो.

पहिले दप्तर पुण्याचे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले; त्यांतील विसावा भाग नागपूरकर भोसल्यांविषयी आहे. नाना फडणिसांचे कागद वाईजवळील मेणवली येथे त्यांच्या वाड्यात राहिले. राज्याच्या कारभाऱ्याचे दप्तर त्याच्या घरी असावे, ही रीत माउंट व्हर्ननपेक्षा वेगळी नव्हे. या मेणवली दप्तरातील नागपूरसंबंधीची मराठी पत्रे त्र्यं. शं. शेजवलकर यांनी डेक्कन कॉलेजतर्फे १९५४ व १९५९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतून नागपूर दरबारचे अतिशय जिवंत दर्शन घडते. परंतु ते मुख्यत्वे पुण्याच्या वकिलांच्या व बातमीदारांच्या नजरेतून घडते, याचा विसर पडू देता कामा नये.

दुसरे दप्तर फारसी. कलकत्त्याच्या इंग्रजांशी भोसल्यांचा व्यवहार फारसीत चाले. वॉरन हेस्टिंग्जच्या काळी बेनीराम पंडित हा नागपूरचा वकील तेथे होता. कलकत्त्यास पोहोचलेल्या अशा पत्रांचे इंग्रजी गोषवारे १९११ पासून फारसी पत्रव्यवहाराच्या सूचीखंडांत प्रसिद्ध झाले. मराठीत योजलेला मजकूर मुनशीने फारसीत घालावा, तो इंग्रज कारकुनाने संक्षेपाने इंग्रजीत उतरावा आणि आज आपण तो पुन्हा मराठीत आणावा, असा हा प्रवास आहे. अशा गोषवाऱ्यातील एखाद्या शब्दावर राजाच्या स्वभावाचे अनुमान बांधणे धोक्याचे होय.

तिसरे दप्तर इंग्रजी रेसिडेन्सीचे. १७९९ मध्ये कोलब्रुक वकील म्हणून नागपुरास आला. १८०४ ते १८०८ मध्ये एल्फिन्स्टन व त्याच्यानंतर रिचर्ड जेंकिन्स हे तेथे होते. कंपनीच्या पद्धतीनुसार रेसिडेंटचे पत्र एकाच ठिकाणी राहत नसे. एक प्रत त्याच्या कचेरीत, एक कलकत्त्यास आणि पुढे नक्कल लंडनला. यामुळे एक दप्तर नष्ट झाले तरी मजकूर टिकतो. या कागदांची निवड यादव माधव काळे यांनी पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहार मालेच्या पाचव्या खंडात (१७८१–१८२०) केली, आणि नागपूर रेसिडेन्सीच्या स्वतंत्र निवडीचे खंड एच. एन. सिन्हा यांनी १९५० पासून संपादिले. ज्याच्याकडे जास्त नकला, त्याची बाजू जास्त टिकाऊ, हा नियम येथे स्पष्ट दिसतो. फार काय, काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखरदेखील जेंकिन्सच्या सांगण्यावरून सिद्ध झाली आहे.

३. १७ डिसेंबर १८०३

या विषमतेचे स्वरूप एका तारखेवरून ध्यानात येईल. अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगाव येथे तह झाला. या तहाने रघूजीने कटक व बालेश्वर तसेच वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गमावले. राजाच्या वतीने वाटाघाटी यशवंतराव रामचंद्र यांनी केल्या. त्या वाटाघाटींत कोण काय बोलले, हे आपणांस आर्थर वेलस्लीच्या टिपणांवरून व खलित्यांवरून कळते. वकिलाने कोणते आक्षेप घेतले, कोठे नमते घेतले, हे सर्व प्रतिपक्षाच्या लेखणीतून आलेले आहे. यशवंतरावाने धन्यास लिहिलेला वृत्तांत त्या टिपणांशेजारी ठेविता आला असता, तर तहाचे चित्र कदाचित वेगळे दिसले असते.

योगायोग असा की, नेमक्या याच १७ डिसेंबर १८०३ रोजी वॉशिंग्टन नगरीत जेफरसनने चोक्टॉ या आदिवासी राष्ट्रास उद्देशून एक पत्र दिले. व्यापाऱ्यांचे कर्ज फेडण्यासाठी चोक्टॉ लोकांनी जमीन विकण्याचा विषय त्यात आहे. भाषा 'बंधूंनो' अशी गोड आहे. व्यवहार जमिनीचा आहे. या पत्राची प्रत राष्ट्राध्यक्षाच्या कागदांत सुरक्षित राहिली. चोक्टॉ प्रमुखांचे म्हणणे मात्र दुभाष्यांनी व अधिकाऱ्यांनी जेवढे उतरून घेतले तेवढेच राहिले. म्हणजे दोन्ही बाजूंची पत्रे एकत्र छापणाऱ्या ज्या संग्रहाची आपण वर प्रशंसा केली, त्यातही एक बाजू मुकी आहेच. नागपूरचा राजा आणि चोक्टॉ राष्ट्र यांची इतर बाबतींत तुलना करावयाची नाही; परंतु दप्तराच्या दृष्टीने त्या दिवशी दोघेही एकाच स्थानी उभे होते. ज्याची सत्ता वाढती, त्याची प्रत टिकती.

४. वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत

हाच न्याय एक पायरी खाली उतरवून पाहिला म्हणजे आपण नागझिऱ्याच्या मुलखात येऊन पोहोचतो. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. बाजीरावाशी गुप्त पत्रव्यवहार चालविल्याच्या आरोपावरून मार्च १८१८ मध्ये जेंकिन्सने आप्पासाहेब भोसल्यास कैद केले. मे महिन्यात तो वाटेतून निसटला. येथे पत्र हे इतिहासाचे साधन होण्यापूर्वी आरोपाचे साधन झाले होते. त्याच वर्षी कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील आप्पासाहेबाच्या बाजूने उठला. कॅप्टन गॉर्डनने कामठा घेतला आणि ती जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली.

इंग्रजी कागद या घटनेस 'बंड' म्हणतात, आणि पुढील मराठी लेखकांनीही तो शब्द पुष्कळदा निमूटपणे उचलला आहे. परंतु आपल्या राजाच्या पक्षाने शस्त्र धरणाऱ्या जमीनदारास बंडखोर ठरविणारी सत्ता त्या क्षणी कोणती होती? शब्द रेसिडेन्सीच्या दप्तरातला आहे, त्यामागचा निवाडाही तेथलाच आहे. जेंकिन्सने १८२७ मध्ये कलकत्त्यास छापलेल्या आपल्या अहवालात राज्याचे पाच जिल्हे मानले असून त्यांत वैनगंगा हा एक आहे. जमीन, जमीनदार, गोंड रयत यांविषयीची पुष्कळ माहिती त्या अहवालात मिळते, व तिचे मोल मोठे आहे. तथापि तो सारा प्रपंच वसुली व बंदोबस्त यांच्या गरजेतून झालेला आहे. गोंड रयतेने नागपूरच्या दरबाराकडे काय मागितले, याची नोंद करण्याचे प्रयोजन त्या लेखणीस नव्हते. दरबाराचे दप्तर हरपल्याने जी हानी झाली ती केवळ राजघराण्याची नव्हे. ज्यांचे अर्ज-कैफियती त्या दप्तरात असावयाच्या, त्यांचीही ती हानी होय.

५. वाचनाची रीत

मग अशा पत्रांवर विसंबूच नये काय? तसे नव्हे. परक्या दप्तरातील पत्रेही नीट प्रश्न विचारल्यास पुष्कळ सांगतात. त्यासाठी पुढील चार गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली, मायना. 'सेनासाहेब सुभा' हा नागपूरकरांचा किताब. १७७२ मध्ये जानोजी वारल्यावर साबाजी व मुधोजी यांच्यात वारसाचा तंटा लागला आणि १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी पडेपर्यंत तो चालला. त्या तीन वर्षांत पुण्याहून कोणाच्या नावापुढे हा किताब लिहिला गेला, हे पाहणे म्हणजे राजकारणच पाहणे होय. मजकूर फसवू शकतो. मायना सहसा फसवीत नाही.

दुसरी, उत्तरातील उद्धृत मजकूर. मराठी पत्रलेखनात 'आपण पत्र पाठविले ते पावले' असे म्हणून आलेल्या पत्राचा आशय प्रथम सांगण्याची चाल आहे. हरवलेल्या नागपुरी पत्राचा सारांश अशा रीतीने पुण्याच्या उत्तरात जिवंत राहतो. अशा सारांशांची तारीखवार यादी केली, तर जेफरसनने स्वतः ठेविली होती तशी नोंदवही आपणांस निदान अंशतः सिद्ध करता येईल.

तिसरी, तारखांचा मेळ. पुण्याच्या बातमीदाराचे पत्र, कलकत्त्याचा फारसी गोषवारा आणि रेसिडेंटचा खलिता एकाच आठवड्यातील असतील, तर तिघांचे हितसंबंध निरनिराळे असल्याने त्यांच्या मतैक्यास विशेष वजन येते. मतभेद असल्यास तो लपवू नये. तेथेच संशोधनाचा प्रश्न उभा राहतो.

चौथी, संपादकाची निवड. सरदेसाई, काळे, शेजवलकर, सिन्हा यांचे आपल्यावर थोर उपकार आहेत. परंतु 'निवडक' या शब्दाचा अर्थ काही कागद वगळले असाच होतो. राज्याच्या उलाढालीत रस असलेल्या संपादकास जंगलाची जमाबंदी किरकोळ वाटली असणे शक्य आहे. म्हणून छापील खंड हे दप्तराचे दार समजावे, दप्तर समजू नये.

अमेरिकन राष्ट्राध्यक्षांची पत्रे २०१३ पासून तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने संगणकावर सर्वांस खुली केली आहेत. नागपूरकरांचा पत्रव्यवहार तसा एकत्र यावयाचा, तर आधी मोडी, फारसी व इंग्रजी या तिन्ही साधनांतील पत्रांची एक संयुक्त तारीखवार सूची झाली पाहिजे. हे काम एकट्या अभ्यासकाचे नव्हे. मोडी वाचणारा, फारसी जाणणारा आणि इंग्रजी दप्तरांची माहिती असणारा असे तिघे विद्यार्थी एका विभागात बसून आरंभी एकाच वर्षाची, समजा १८०३ ची, सूची करू शकतील. तेवढ्यानेही त्या वर्षाच्या डिसेंबरात देवगावास गप्प राहिलेल्या बाजूचे काही शब्द आपल्या कानी पडतील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.