पहिले विवरणपत्र

जबलपूर शहराच्या पूर्व अंगास रांझी नावाची मोठी वस्ती आहे. जवळच खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आहे, तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. लष्करी मोटारींचा कारखाना त्यानंतरचा, १९६९ चा. सकाळची पाळी सुरू व्हावयाच्या वेळी येथील रस्ते सायकली व मोटारसायकलींनी भरून जातात. १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. तेव्हा चाकरीच्या निमित्ताने इकडे येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे जबलपुरास नवीन नाहीत. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी कामास लागली, की पहिला पगार देवापुढे ठेवण्याची रीत अजूनही पाळली जाते. वर्ष पालटते, जुलै महिना उजाडतो, आणि मग कोणीतरी वडीलधारा विचारतो, "रिटर्न भरलेस का रे?" यावर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: "काका, मला कर लागतच नाही. रिटर्न कशाला भरायचे?"

हे उत्तर सरळ दिसते, परंतु त्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत आहे. कर देणे ही एक गोष्ट आणि उत्पन्नाचे विवरण देणे ही दुसरी.

एखाद्या तरुण कामगारास दरमहा ४५,००० रुपये वेतन आहे असे समजा. वर्षाचे झाले ५,४०,००० रुपये. २०२५-२६ या वर्षाच्या नव्या करपद्धतीप्रमाणे पगारदारास ७५,००० रुपयांची ठोक वजावट मिळते. ती वजा जाता उरले ४,६५,०००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. वरच्या ६५,००० वर शेकडा ५ प्रमाणे ३,२५० रुपये कर होतो. पण १२ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या रहिवाशास अशा करात ६०,००० रुपयांपर्यंत सूट आहे, म्हणून हे ३,२५० रुपयेही माफ होतात. देणे शून्य. मात्र विवरणपत्राचे बंधन १२ लाखांच्या नव्हे, ४ लाखांच्या रेषेवरून ठरते, आणि ती रेषा या तरुणाने ओलांडलेली आहे. त्याने विवरण द्यावयास हवे. मुदत टळल्यावर दिले, तर ज्याला एक पैसाही कर नव्हता त्यालाच १,००० रुपये विलंबशुल्क भरावे लागते. उत्पन्न ५ लाखांच्या वर असते, तर ते ५,००० झाले असते.

आता त्याच गल्लीतला दुसरा तरुण घ्या. तो कारखान्यात नाही; एका ठेकेदाराच्या हाताखाली वीजजोडणीची कामे अंगावर घेऊन करतो. वर्षभरात त्याला १,८०,००० रुपये मिळावयाचे होते, पण ठेकेदाराने शेकडा १ प्रमाणे १,८०० रुपये कर कापून सरकारात भरला. याचे उत्पन्न रेषेच्या पुष्कळ खाली आहे. विवरण देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. परंतु ते १,८०० रुपये आपले आहेत असे तो सांगणार नाही, तोवर ते आपणहून त्याच्याकडे परत यावयाचे नाहीत. पहिल्याला कर नाही तरी विवरण देणे भाग, आणि दुसऱ्याला भाग नाही तरी ते दिल्यावाचून गत्यंतर नाही, अशी ही गंमत आहे.

याचे कारण करवसुलीच्या रचनेत आहे. नागरिक काही सांगण्यापूर्वीच त्याच्याविषयी इतरांनी सरकारला पुष्कळ सांगितलेले असते. मालक वेतनाचा आकडा कळवतो, बँक व्याजाचा कळवते, ठेकेदार कपातीचा कळवतो. हे सारे पॅन क्रमांकाखाली जमा होते आणि 'सव्वीस-ए-एस' व वार्षिक माहितीपत्रक या दोन कागदांत खुद्द करदात्यालाही पाहावयास मिळते. विवरणपत्र म्हणजे या साऱ्या साक्षींनंतर त्याची स्वतःची जबानी. म्हणून आधी मालकाने दिलेला 'फॉर्म सोळा' आणि हे दोन कागद शेजारी ठेवून आकडे ताडून पाहावेत. बचत खात्याचे दोनचारशे रुपये व्याज विसरणे हा नवख्यांचा नेहमीचा प्रमाद आहे.

पत्राचे नमुने अनेक आहेत. साध्या पगारदारासाठी 'सहज', आणि लहान धंद्याचे उत्पन्न ठोक अंदाजाने दाखविणाऱ्यासाठी 'सुगम'. सरकारी कागदांना इतकी गोड नावे क्वचितच मिळतात. नवख्याला बुचकळ्यात टाकणारा शब्द आहे 'निर्धारण वर्ष'. १९६१ च्या कायद्यात कमाईचे वर्ष एक व आकारणीचे वर्ष त्याच्या पुढचे. २०२५-२६ च्या कमाईचे निर्धारण वर्ष २०२६-२७. वर्षाची निवड चुकली की सारेच चुकते. २०२५ च्या नव्या आयकर अधिनियमाने, ज्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, ही जोडी मोडून एकच 'कर वर्ष' ठेवले आहे. १८६० साली जेम्स विल्सन याने हिंदुस्थानात हा कर प्रथम आणला, तेव्हापासूनच्या सुधारणांत सामान्य माणसाला ही एक तरी सुखाची वाटावी.

खरा धोका मात्र शब्दांत नसून मध्यस्थांत आहे. "ओळखीचा माणूस आहे, कापलेला सगळा कर परत आणून देतो, मिळेल त्यातले थोडे त्याला द्यायचे," असा सल्ला पहिल्याच वर्षी कानावर येतो. हा माणूस जुनी करपद्धती निवडतो, कारण नव्या पद्धतीत बहुतेक वजावटींची दारे बंद आहेत. आणि मग न दिलेले घरभाडे, न केलेली देणगी, न उतरविलेला विमा तो बिनदिक्कत लिहितो. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा मध्यस्थांविरुद्ध देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. त्या वेळच्या निवेदनाप्रमाणे, मागील चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. ज्या राज्यांत आधी झडत्या झाल्या होत्या, त्यांत महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश दोन्ही होते. काही मध्यस्थ अर्जावर स्वतःच तयार केलेला तात्पुरता ई-मेल पत्ता देत आणि काम उरकले की तो सोडून देत. खात्याच्या नोटिसा त्या ओसाड पत्त्यावर पडून राहत, आणि ज्याच्या नावाने त्या निघाल्या त्याला वार्ताही नसे. उत्पन्न खोटे दाखविल्यास बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. तो दंड मध्यस्थाला नव्हे, ज्याच्या पॅनवर पत्र भरले त्याला होतो.

तेव्हा मदत कोणाचीही घ्यावी. मोबाइल क्रमांक, ई-मेल व बँक खाते मात्र स्वतःचेच द्यावे, आणि संकेतशब्द आपल्याजवळ ठेवावा. पगारदारांसाठी मुदत सामान्यतः ३१ जुलैपर्यंत असते. क्वचित ती वाढते, २०२५ साली १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. पण त्या भरवशावर राहू नये. मुदत हुकल्यास ३१ डिसेंबरपर्यंत विलंबशुल्कासह पत्र देता येते.

पत्र धाडले म्हणजे काम संपले असेही नाही. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो घालून पत्राची पडताळणी करावयाची असते. हे ३० दिवसांच्या आत झाले नाही, तर उशिरा केलेली पडताळणी हीच भरण्याची तारीख धरली जाते. आणि पडताळणी केलीच नाही, तर पत्र भरलेच नाही असे समजले जाते. पडताळणीनंतरची पोच घरातल्या पेटीत, शाळेच्या दाखल्याशेजारी ठेवावी. घरासाठी कर्ज मागावयास जाल त्या दिवशी बँकेतला अधिकारी मागील दोन-तीन वर्षांच्या अशाच पोचा मागतो.